वाइडसुद्धा हातानंच टाकतात

अन्वर, तुझ्या कंपनीनं तुला बक्षीस दिलं.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या तुमच्या यार्डात, मेसमध्ये टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. समोर तुझा फोटो. पासपोर्टचाच मोठा केलेला, ज्यात तू पाकीटमार दिसतोस. फोटोला हार घालायचा की नाही यावर दोघांची कुजबुज चालली होती, शेवटी त्यांनी हार फोटोच्या शेजारी टेबलावर ठेवून दिला. तू जाऊन दहा दिवससुद्धा झाले नव्हते. तुझी रुखसाना इद्दतीत, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायची नाही. म्हणून घरचं माणूस म्हणून तुझी लेक झोया गेली आणि झोयाबरोबर मी, समोरच्या दारातली शेजारीण. गेटवर विचारलं, आप कौन? मी म्हटलं, बहन. पुढे कुणी काही विचारलं नाही.

मग तुमचा मॅनेजर उठला. कोट घालून आला होता. म्हणाला, इतक्या वर्षांत अन्वरभाईंनी एकही सिक लीव्ह घेतली नाही, नॉट वन. आणि टाळ्या! अरे, शोकसभेत टाळ्या! वेल्डर, फिटर, हेल्पर सगळे वाजवताहेत, आणि तो हात वर करून सांगतोय की यापुढे जो वर्षभरात एकही सुट्टी घेणार नाही त्याला दरवर्षी अन्वरभाईंच्या नावाची ट्रॉफी मिळेल. काचेची ट्रॉफी तयारसुद्धा होती. पहिली तुलाच. ती झोयाच्या हातात दिली, फोटो काढला, पुन्हा टाळ्या. मला शिसारी आली. ओढणी तोंडाला लावून मी बाहेर आले आणि तुमच्या त्या पाइपांच्या ढिगाजवळ उभी राहून थुंकले. तेवढंच जमलं.

त्यांनी बिर्याणी पण ठेवली होती. मी पाण्यालाही शिवले नाही.

तुला काय झालं ते मला तुझ्या बसमधल्यांनी सांगितलं. जहाजावर माल चढायचा होता, तारीख हलणार नव्हती. पाइपांचे जॉइंट एक्स-रेमध्ये फेल गेले, ते कापून पुन्हा वेल्ड करायचे होते. तू फोरमन. तुझी दिवसपाळी संपली तरी तू रात्रपाळीला थांबलास, रात्रपाळी सुटली तरी सकाळच्या चेकिंगला थांबलास. दुपारी एकदाचा बसमध्ये बसलास. रस्त्यावर नेहमीचा जाम. तू खिडकीला डोकं टेकलंस. आणि ते सगळे म्हणे हळू आवाजात बोलत होते, अन्वरभाई थकलेत, झोपू दे. आपल्या अल मजाजच्या स्टॉपवर ड्रायव्हरनं हाक मारली तेव्हा कळलं.

आता बिल्डिंगमध्ये जो भेटतो तो म्हणतो, काय मरण आलं, झोपेत, कामावरून येताना, मर्दासारखं. खालचा किराणावालासुद्धा म्हणाला. मी त्याला म्हटलं, मर्दासारखं नाही हो, घाण्याच्या बैलासारखं. तो कोथिंबिरीची जुडी हातात धरून बघत राहिला. म्हणाला, बहनजी, ऐसा नहीं बोलते. का नाही बोलायचं? मला वीट आलाय या कौतुकाचा. माणूस झिजून मेला की त्याला चांगला म्हणायची आपल्याकडे पद्धतच आहे. झिजायच्या आत उठून गेला असतास तर हेच लोक कामचोर म्हणाले असते.

आणि तुझा पण वीट आलाय, अन्वर. खोटं कशाला बोलू? रडू येतं आणि रडता रडता तुझी किळस येते. कारण मॅनेजरनं जे भाषण केलं ते तू स्वतः माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून वर्षानुवर्षं केलं होतंस. फक्त तू ते बेसबॉलबद्दल करायचास.

सकाळी सहाला माझे डबे भरायचे चाललेले असायचे. पोळ्या एकीकडे, उसळ एकीकडे, दार सताड उघडं. तुझी कंपनीची बस पावणेसातला. तू लुंगीवरच समोरून यायचास, चहा मागायचास आणि फोन मिठाच्या बरणीला टेकवून मॅच लावायचास. अमेरिकेच्या पश्चिमेकडे तेव्हा संध्याकाळ असते, हे मला भूगोलाच्या पुस्तकानं नाही, तू शिकवलंस. सुरुवातीला मला काहीच कळायचं नाही. एक माणूस टेकाडावर उभा राहून बॉल फेकतोय, दुसरा दांडकं घेऊन उभा, आणि बाकीचे सगळे च्युइंगगम चघळताहेत. मी म्हणायचे, ही काय विटीदांडू? तू म्हणायचास, "ताई, बघत राहा. हा जो पहिल्यापासून टाकतोय ना, तो स्टार्टर. सगळी मॅच त्याच्या खांद्यावर."

तुला हा खेळ का आवडला तेही तूच सांगितलंस, हसत हसत. दापोलीकडे टेनिस बॉलच्या टुर्नामेंटमध्ये तू टाकलेला बॉल बॅट्समनला दिसायचा नाही, पण तुझं कोपर वाकायचं. फेकी, फेकी म्हणून ओरडायचे. एकदा फायनलमधून तुला उठवून बसवलं. इथे आल्यावर पहिल्या कंपनीतल्या जपानी इंजिनिअरनं सुट्टीच्या दिवशी मैदानावर नेलं, हातात बॉल दिला, आणि तू हात वाकवून सणसणीत टाकलास. कुणी नो-बॉल म्हणालं नाही. उलट तो जपानी वाकून नमस्कार करायला लागला. "ताई, जे गावात पाप होतं तेच इथं पुण्य," तू म्हणायचास. मला तेव्हा तुझ्यासाठी फार बरं वाटायचं. ज्या गोष्टीसाठी माणसाला हिणवलं, त्याच गोष्टीवर त्याला कुणीतरी शाबासकी दिली, हे किती जणांच्या नशिबी येतं?

पण त्या जपान्यानं तुला आणखी एक वेड लावलं. त्यांच्याकडच्या शाळकरी पोरांच्या स्पर्धा. एकच पोरगा आज टाकतो, उद्या टाकतो, परवा टाकतो, हात सुजला तरी टाकतो, आणि स्टेडियमभर लोक रडतात. तू ते सांगताना तुझेही डोळे भरायचे. मग तू जुन्या काळ्यापांढऱ्या फिल्मा शोधायला लागलास. "हे बघा ताई, हा माणूस एकटा. नऊच्या नऊ इनिंग. दीडशे बॉल, पावणेदोनशे बॉल, मागे वळून बघत नाही. आणि चार दिवसांनी पुन्हा हजर. आणि आत्ताचे? काचेची भांडी! शंभर होत नाहीत तोवर कोच डुलत डुलत येतो, हात पुढे करतो, बॉल घेतो. यल्ला, चला, खलास. कोटी कोटी घेतात आणि अर्धी मॅच टाकून अंघोळीला जातात."

मी म्हणायचे, "त्या जुन्या माणसाच्या खांद्याचं पुढे काय झालं ते दाखव की."

"ते यूट्यूबवर नाही."

"नसणारच. जे टिकले त्यांच्या फिल्मा निघाल्या. ज्यांचे हात बाविसाव्या वर्षी गेले ते कुठेतरी ट्रक चालवत असतील, त्यांच्या मागे कोण कॅमेरा घेऊन फिरणार?"

"ताई, तुम्ही ना, जेवणात केस काढता."

मग तू तुझा हुकमी बॉल टाकायचास. म्हणायचास, एवढं मोजून मोजून टाकतात तरी आत्ताच्या पोरांच्या कोपराची ऑपरेशनं चालूच आहेत, उलट वाढलीत. मग मोजून फायदा काय? तू उठून जायचास, बस गाठायची असायची, आणि मी पोळीवर तूप लावत विचार करत बसायचे. उत्तर आत्ता सुचतं. पूर्वीचे सगळेच बॉल काही जीव खाऊन टाकत नसतील, अधूनमधून श्वास घेत असतील. आत्ताच्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक बॉल सगळा जोर लावूनच टाकायला सांगतात, म्हणून शंभरातच खलास. म्हणजे तुझं अर्धं खरं होतं, माझं अर्धं खरं होतं. तू असतास तर म्हणाला असतास, बघा, कबूल केलंत. घे, केलं कबूल. पण चहा प्यायला ये.

मग झोया खेळायला लागली. तुझाच हात, तुझंच कोपर. दुबईच्या शनिवारच्या लीगमध्ये मुलं-मुली एकत्र खेळतात. तिथं ती पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, झाली तेव्हा तू आमच्या मजल्यावर सगळ्यांच्या दारात पेढे वाटलेस. तिचे कोच फिलिपिनो, सज्जन माणूस. त्यांचा नियम होता, वयाप्रमाणे मर्यादा. झोयाच्या वयाला पंच्याण्णव बॉल, त्यापुढे एकही नाही. मोजायला कुणी तरी पालक हवा होता. तू हात वर केलास. तुझ्या बोटात तो तस्बीहचा काउंटर होताच, पाच दिरहमवाला, म्हणजे सव्वाशे रुपयाला पडला म्हणून तू मला दाखवला होतास. बटण दाबलं की आकडा पुढे. नमाजनंतरचा जप मोजायला घेतलेला, तो आता शनिवारी बॉल मोजायला लागला. मला ते फार गोड वाटलं होतं.

एका शनिवारी मी मैदानावर आले होते, बटाटेवडे घेऊन. तुझ्या शेजारी बसले. झोयानं बॉल टाकला, बाहेर गेला. तुझा अंगठा हलला नाही. पुढचा बरोबर पडला, तू दाबलंस. पुढचा पुन्हा बाहेर, नाही दाबलंस. मला वाटलं, तुझं लक्ष नाही.

"अरे, तो राहिला की मोजायचा."

"कुठला? तो वाइड होता, ताई."

"मग?"

"मग काय? वाइड ओव्हरमध्ये धरतात का?"

मी तुझ्या तोंडाकडे बघतच राहिले. अरे, रोज सकाळी फोन माझ्या बरणीला टेकवून ज्या मॅचा बघतोस त्यांच्या कोपऱ्यात तो बॉलचा आकडा येतो ना, त्यात सगळे धरतात. आत पडलेला, बाहेर गेलेला, तिरका उडालेला, सगळे. हे तुला माहीत नव्हतं असं नाही. तू म्हणालास, अमेरिकेचं अमेरिकेला. जो बॉल टाकल्यासारखा टाकला तोच मोजायचा. चुकलेला कशाला मोजायचा? चूक आपली.

"मेल्या, वाइडसुद्धा हातानंच टाकतात ना?" मी ओरडले. मागच्या बाकावरची केरळी बाई दचकली. "बॉल चुकला म्हणून हात काय फिरला नाही? कोपराला कळतं का, हा वाइड होता, हा सोडून द्या?"

तू हसलास. "ताई, वडा मस्त झालाय."

गुहागर-दापोलीकडे आम्ही बायका येताजाता मेल्या म्हणतो, लाडानं पण म्हणतो. तुला मी दिवसातून चारदा म्हणायचे. आता तो शब्द तोंडाशी येतो आणि मी गिळते. तुझ्यामुळे माझी एक शिवी गेली.

त्या दिवशी मी मनातल्या मनात हिशेब मांडला. तुझ्या काउंटरवर ऐंशी-पंच्याऐंशी यायचे तेव्हा त्या पोरीच्या हातातून सव्वाशे-दीडशे गेलेले असणार. कोचना तू जो आकडा सांगायचास तो ते धरायचे, कारण वडील कशाला खोटं सांगतील? आणि तू खोटं सांगत नव्हतासच. तेच तर वाईट. तू अगदी इमानदारीनं चुकीचं मोजत होतास.

तुमच्या यार्डातही तू असंच मोजायचास, हे मला रुखसानानं सांगितलं, तुला इथल्या मातीत ठेवून बाकीचे परत आले त्या संध्याकाळी. जो जॉइंट फेल गेला तो पुन्हा करायला जे तास लागले ते तू ओव्हरटाइममध्ये लिहायचाच नाहीस. तुझ्या हाताखालच्यांचे लिहायचास, स्वतःचे नाही. चूक आपली, तास आपले. म्हणजे कंपनीच्या लेखी तू घरी झोपला होतास तेव्हा तू यार्डात उभा होतास. वाइड धरत नाहीत! अरे, हृदय तरी धरत होतं ना?

मी तुला सोडलं नव्हतं. मैदानावरून येताना गाडीत भांडले, लिफ्टमध्ये भांडले. तू शेवटी म्हणालास, "ताई, मुलगी माझी आहे." मी म्हटलं, "हात तिचा आहे." आमच्या ह्यांनी मला दार लावून आत ओढलं. मग दोन दिवस तू चहाला आला नाहीस. तिसऱ्या दिवशी आलास, जसं काही झालंच नाही, फोन बरणीला टेकवलास आणि विचारलंस, लसणीची चटणी आहे का? मी दिली. तो विषय आपण पुन्हा काढला नाही. मला वाटलं, काढू कधी तरी. आता कुणाशी काढू?

आणि माणूस म्हणून तू कसा होतास ते मी विसरले असं समजू नकोस. शारजात पाणी तुंबलं होतं, बिल्डिंगची वीज गेली, लिफ्ट बंद. आठव्या मजल्यावर आम्ही दोघं, ह्यांची बायपास होऊन जेमतेम महिना झालेला. तू कमरेएवढ्या पाण्यातून जाऊन बाटल्या आणल्यास आणि जिन्यावरून वर चढवल्यास. आम्हाला, मग नवव्याला, मग दहाव्या मजल्यावरच्या त्या सिरियन म्हातारीला, जिची भाषा तुला येत नव्हती आणि तुझी तिला. ती तुला हबीबी हबीबी करत तुझा हात सोडेना. मी तुला म्हटलं, आता बस रे पाच मिनिटं. तू म्हणालास, खलास करूनच बसतो. ह्यांनी औषध त्या पाण्यानं गिळलं त्या दिवशी. तुझे उपकार फिटायचे नाहीतच. आणि तरी, त्याच वाक्याचा मला आता तिटकारा आलाय. खलास करूनच बसतो.

गेल्या आठवड्यात लीगच्या पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला. अन्वरभाईंच्या आठवणीत मॅच. तुझ्या फोटोचे टी-शर्ट. आणि खाली लिहिलेलं, झोया संपूर्ण मॅच टाकेल, वडिलांना मानवंदना म्हणून. रडण्याच्या इमोजींची रांग. मला वाटलं, तुमच्या मॅनेजरनंच लिहिलंय की काय.

मी रुखसानाकडे गेले. ती पांढऱ्या ओढणीत पलंगावर बसली होती. म्हणाली, "ताई, तिचा हात ठणकतो. फ्रीजरमधली मटारची पिशवी कोपराला बांधून बसते. अब्बाला सांगू नको म्हणायची." मग ओढणी सावरत म्हणाली, "आता सांगायचं कुणाला ते कळत नाही. मी तिथं नसणार. तुम्ही असाल."

मी झोयाला विचारलं, हात कसा आहे? तुझी मुलगी, दुसरं काय बोलणार? "फाइन, आंटी." दुखतो का? "आंटी, इट्स फॉर अब्बा. आय हॅव टू फिनिश." सोळा वर्षांची पोर, कोपरात दात दुखल्यासारखी कळ, आणि फिनिश करायचंय. मी म्हटलं, कुणी सांगितलं करायचंय? ती खिडकीबाहेर बघायला लागली.

शनिवारी दुपारी मैदान भरलं होतं. सगळ्यांच्या छातीवर तू. एकाच्या पोटामुळे तुझं तोंड एवढं रुंद झालं होतं की तुला हसू आलं असतं. मी कोचना गाठलं, विचारलं, आज कोण मोजतंय? ते अस्वस्थ झाले. टी-शर्टवाल्या पालकांपैकी एक मध्येच पडला, हाताशी स्पीकर घेऊन उभा होता. म्हणाला, "आंटी, आज नो काउंट. आज दिल से. इट्स अ ट्रिब्यूट." आणि मला खुर्ची दिली. ट्रिब्यूट म्हणे! बापाला कामानं मारलं, लेकीचा हात मोडायचा, आणि वर गाणी लावायची. त्या माणसाच्या तोंडावर वडा फेकून मारावासा वाटला. पण मी वडे केलेच नव्हते त्या दिवशी.

मी बसले आणि मोजायला लागले. काउंटर नव्हता, पेरांवर मोजले, जप करतात तसे. आत पडलेले मोजले, बाहेर गेलेले मोजले, तिरके उडालेले मोजले. एकही सोडला नाही, अन्वर. पहिल्या दोन इनिंग तिनं झकास टाकल्या, लोक तुझं नाव घेऊन ओरडत होते. तिसऱ्या इनिंगपासून बॉल बाहेर जायला लागले. चौथ्या इनिंगमध्ये प्रत्येक बॉलनंतर ती डाव्या हातानं उजवं कोपर धरत होती. लोक म्हणाले, वा, शेरनी! बाप की बेटी! तिचं तोंड पांढरं पडलं होतं आणि यांना शेरनी दिसत होती. पाचव्या इनिंगच्या मध्यावर माझे पंच्याण्णव झाले.

कोच जागचे उठले, टी-शर्टवाल्यांकडे बघितलं आणि परत बसले. पुढचा बॉल तिनं टाकला, शहाण्णव, आणि तो बॅट्समनपर्यंत पोचायच्या आधीच जमिनीवर आपटला. ती वाकून उभी राहिली.

मग मी उठले. पांढरी रेघ ओलांडली आणि चालायला लागले. सलवार-कमीज, पायात त्या माझ्या स्वयंपाकघरातल्या सपाता. पंच ओरडला, मॅडम, मॅडम! स्पीकरवाला ओरडला, आंटी, यू कान्ट गो इन! मी कुणाकडे बघितलं नाही. मधल्या टेकाडापर्यंत गेले. तू सकाळी सकाळी ज्यांची टिंगल करायचास त्या कोचसारखीच गेले, डुलत डुलत, कारण माझा गुडघाच तसा आहे. तिच्यासमोर उभी राहिले आणि हात पुढे केला.

मला वाटलं होतं, ही भांडणार. तुझं रक्त. "नो आंटी, आय हॅव टू फिनिश" म्हणणार, आणि मी उत्तरं तयार करून गेले होते. तिनं क्षणसुद्धा लावला नाही. बॉल माझ्या हातावर ठेवला. ओला झाला होता, घामानं. आम्ही दोघी परत आलो. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी नाही, आणि दुसरी एक पोरगी धावत टेकाडावर गेली. खेळ पुढे सुरू झाला.

बाकावर बसल्यावर कोचनी तिच्या कोपराला बर्फ बांधला. ते मला सॉरी म्हणाले, मी मान हलवली. झोया रडायला लागली. तुला नेलं तेव्हा रडली नव्हती, ट्रॉफी हातात दिली तेव्हा रडली नव्हती. आता हुंदके देऊन रडली. मला वाटलं, दुखतंय म्हणून.

"आय वॉज वेटिंग," ती म्हणाली. तिसऱ्या इनिंगपासून म्हणे ती बेंचकडे बघत होती. दर बॉलनंतर. पिचर स्वतःहून उतरत नाही ना आंटी, म्हणाली, कुणीतरी यावं लागतं, हात पुढे करावा लागतो. बघत होते, कुणी येतच नव्हतं.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. मग ती थांबली, नाक पुसलं, आणि एरवी कधी बोलत नाही ती आज मराठीत बोलली, हळू, माझ्याकडे न बघता.

"अब्बा पण बघत असतील का असेच? कुणी येतंय का म्हणून?"

इतकी वर्षं तुला हट्टी म्हणत आले, अन्वर. वाटलं, कितीही सांगितलं तरी हा माणूस उठायचाच नाही. पोरीनं मला विचारलं. ते मी आता तुलाच विचारते.

बघत होतास का रे?